गाडी उभी, इंजिन चालू

तासगाव आगारात डिझेलच्या खिडकीवर
सव्वीस वर्षं काढली मी.
रात्री मुक्कामाला आलेल्या गाडीच्या टाकीत पट्टी बुडवायची,
ओल्या रेघेवर अंगठ्याचं नख धरायचं
आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे न बघता आकडा लिहायचा.
दहा लिटरला किती किलोमीटर,
यावरून आम्ही माणसं ओळखायचो.
अठ्ठेचाळीसवाला सज्जन.
एकोणचाळीसवाल्या बाळकू लोंढेच्या घरी, म्हणायचो,
चूलसुद्धा डिझेलवर पेटत असणार.

फंडाच्या पैशातून पिकअप घेतली.
तिच्यावर दस्तगीर मुलाणी.
सावळजच्या शेडवरून बेदाण्याच्या पेट्या
सांगलीच्या शीतगृहात, दिवसाला दोन खेपा.
धाकट्या सुनेनं स्टेअरिंगखालच्या खाचेत
काडेपेटीएवढं काहीतरी खोचलं
आणि माझ्या फोनमध्ये ॲप घालून दिलं.
पट्टी नको, नख नको.
खाटेवर पडल्या पडल्या दिसायचं:
निळा ठिपका मुंगीसारखा निघालाय,
कवठे एकंद मागं पडलं,
आणि खाली, ॲव्हरेज अकरा पूर्णांक दोन.
तेरा यायला हवा.

मग तो लाल डाग सापडला.
कुमठे फाट्याच्या अलीकडे, रोज, अडीचच्या सुमारास.
*गाडी उभी, इंजिन चालू.*
बावीस मिनिटं. कधी पंचवीस.

पंचवीस मिनिटांत काय काय होतं
हे मला कुणी शिकवायला नको.
नळी, कॅन, ओळखीचा पंक्चरवाला.

अर्ध्या तिकिटावर एसटीनं गेलो.
फाट्याआधीच उतरलो, बाभळीच्या आडोशाला उभा राहिलो
चोर पकडणाऱ्यासारखा,
खरं तर चोरासारखाच.

दस्तगीर मोरीच्या कठड्यावर बसून जेवत होता.
मांडीवर डबा. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा.
शेजारी गाडी थरथरत होती
आणि धूर वाऱ्यानं थेट त्याच्या डब्यावर येत होता.
तो डबा फिरवायचा, वारा फिरायचा.

"बंद करून जेवायला काय होतं रे?"

दचकला नाही. हात धुतला,
चावी फिरवली. गाडी गप्प.
परत फिरवली.
टक्.
नुसतं टक्.

"सेल्फ उचलत न्हाई, मालक.
संक्रांतीला सांगितलं हुतं.
तुम्ही म्हणला, सीझन संपू दे."

मग ढकलली. मी, पंक्चरवाला,
रसवंतीतली दोन पोरं, आणि वर दीड टन बेदाणा.
त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
उतार लागला, हिसका बसला, गाडी जागी झाली,
आणि खिशातला फोन वाजला:
*अचानक वेग वाढवला. चालकाला समज द्या.*

परतीला त्याच्या शेजारी बसून आलो.
तो बेदाण्याच्या भावाबद्दल बोलत राहिला.
मी हूं हूं करत राहिलो.

रात्री हिशेब मांडला. सवयच ती.
सेल्फचे तीन हजार चारशे वाचवायला
संक्रांतीपासून सात हजारांचं डिझेल
उभ्या गाडीला पाजलं होतं मी.
ही बेरीज ॲपमध्ये नाही.
तिथं फक्त दस्तगीरच्या नावापुढं
पाचपैकी दोन तारे होते.

गुरुवारी नवा सेल्फ बसवला.
शनिवारी साडेबारा, सोमवारी तेरा.
अडीच वाजता आता नकाशावर काहीच उमटत नाही.
जेवत असेल.

पण मला ती खिडकी आठवते.
लोंढे एकदा वाकून आत काहीतरी सांगत होता,
पंपाबद्दल, की नोझलबद्दल,
मागं सात गाड्या हॉर्न मारत होत्या,
आणि मी एकोणचाळीस लिहून म्हणालो होतो,
"पुढचा."

परवा जुन्या लोकांना विचारलं, लोंढे कुठं असतो.
एकजण म्हणाला, पलूसला असतो.
दुसरा म्हणाला, होता.